साइड मिरर बदलताना नट सांभाळ

भाऊ, नागपुरात इतवारीच्या गल्लीत गाडीचा आरसा तुटला म्हणून लगेच मेकॅनिककडे पळू नको. नुसती काच फुटली असेल तर बऱ्याच गाड्यांना काच वेगळी मिळते. पूर्ण युनिट घेणार असशील तर जुन्याच्या कनेक्टरच्या (वायर जोडायच्या प्लगच्या) पिना मोजून ने.

बहुतेक गाड्यांत दाराच्या आतून तिकोनी प्लास्टिक कव्हर असतं. ते प्लास्टिकच्या पट्टीनेच उचक. मागे कनेक्टर अन् साधारण तीन नट, बहुधा १० मिमीचा पाना लागतो. आधी खालच्या फटीत फडकं कोंब! नट दारात पडला की पॅनेल खोलत बस. शेवटचा नट काढताना आरसा बाहेरून कुणाला तरी धरायला सांग, नाहीतर वायरवर लोंबकळेल. कव्हर बसवण्याआधी बटण दाबून आरसा फिरतो का पाहा. अन् मे महिन्यात हे काम सकाळीच उरक, दुपारी दाराला हात लावणं होत नाही.