डिंगळ शिकायची म्हणते, पुढं काय?

«माझी मुलगी साताऱ्यात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जोधपूर-बिकानेर फिरून आलो. तिथं एका चारण गृहस्थांनी म्हटलेले दोहे तिनं ऐकले आणि तेव्हापासून ‘मला डिंगळ शिकायची आहे’ हे एकच चाललंय. पृथ्वीराज रासोही मागवून घेतलंय. तिचे मामा म्हणतात, यूपीएससीला राजस्थानी साहित्य ऑप्शनल घेऊ दे, हौसही भागेल आणि करिअरही होईल. तिच्या बाबांचं म्हणणं, ही भाषा आहे की बोली तेच कळत नाही, सरळ बी.एड. करावं. मला तर भीतीच वाटते. पाळण्यातल्या पोराला मरण शिकवणारा दोहा ती घरभर म्हणत फिरते. यात पोटापाण्याचं काही आहे का?» – एक आई, सातारा

ताई,

मामांचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण त्यावर घरात बेत ठरायला लागले असतील. यूपीएससीच्या ऐच्छिक विषयांत राजस्थानी साहित्य नाही. तिथं इंग्रजी सोडल्यास राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचंच साहित्य घेता येतं आणि राजस्थानी त्या यादीत अजून नाही. राजस्थानच्या विधानसभेनं २००३ मध्ये तसा ठराव एकमतानं केला होता, पण पुढं गाडं अडलं ते अडलंच. साहित्य अकादमी मात्र राजस्थानीला स्वतंत्र साहित्यभाषा मानते, पुरस्कारही देते. यूजीसीच्या नेट, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेत राजस्थानी हा विषय आहे. म्हणजे बाबांच्या प्रश्नाचं उत्तर विचाराल त्या दारावर बदलतं.

आता डिंगळ. ही पश्चिम राजस्थानची, मुख्यतः मारवाडची जुनी काव्यभाषा. बाजारात बोलली जाणारी मारवाडी वेगळी आणि चारणांनी, म्हणजे राजदरबारी कवींच्या जमातीनं, पिढ्यान्‌पिढ्या घडवलेली, जुने शब्द जपून ठेवणारी ही भाषा वेगळी. तिच्या शेजारी पिंगळ. तिचा पाया व्रजभाषेचा, वर राजस्थानीचा रंग. तुमच्या मुलीनं मागवलेलं पृथ्वीराज रासो या दुसऱ्या घरातलं आहे, डिंगळमधलं नाही. शिवाय ते खरोखर पृथ्वीराजाच्या काळातलं आहे का, यावर १८८० च्या दशकात पहिला मोठा घाव घातला तो मेवाडच्या दरबारातल्या कविराजा श्यामलदासांनी, आणि ते स्वतः चारण होते! तिला सांगा, पुस्तक परत करू नकोस, पण सुरुवात तिथून नको.

तो पाळण्याचा दोहा बहुधा हा असणार:

इला न देणी आपणी, हालरियै हुलराय।
पूत सिखावै पालणै, मरण बड़ाई माय॥

आपली भूमी दुसऱ्याला द्यायची नाही, असं अंगाईत गात, झोके देत आई पाळण्यातच मुलाला मरणाची थोरवी शिकवते. कवी बूंदीचे सूर्यमल्ल मिश्रण, संग्रह ‘वीर सतसई’, साल १८५७. त्या वर्षी आजूबाजूला काय पेटलं होतं हे तुमच्या मुलीला सांगायला नको. राजस्थानातले बहुतेक राजे तेव्हा कंपनीच्या बाजूनं उभे राहिले आणि कवी जुन्या शौर्याचे दोहे लिहीत बसला. नाव सतसई, म्हणजे सातशे दोह्यांचं, असूनही दोहे तीनशेच्याही आतच थांबले. तेव्हा यातली आई मला तरी एखाद्या घरातली आई वाटत नाही. निजलेल्या दरबारांना मारलेला तो टोमणा आहे.

आता अर्थ बाजूला ठेवा आणि नुसता कान द्या. हालरियै–हुलराय, पूत–पालणै, मरण–माय. चरणाच्या पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर शेवटच्या शब्दाच्या तोंडी परत येतं. पहिल्या चरणात इला आणि आपणी, म्हणजे स्वराला स्वर, तेही चालतं. याला वयण सगाई म्हणतात. सगाई म्हणजे सोयरीक, शब्दांचं जणू लग्न लावलेलं. डिंगळच्या कवीनं हा नियम सोडला तर ते उणं मानत. यातलं ‘गीत’सुद्धा गायचं नसतं, खड्या आवाजात, एका दमात म्हणायचं असतं. आपल्या पोवाड्याला डफ-तुणतुण्याची साथ लागते, इथं सगळी भिस्त छातीवर. पोरीला त्या गृहस्थांनी झपाटलं यात मला काहीच नवल वाटत नाही.

दुसरी एक गोष्ट तिच्या बाबांना सांगा. आपण घरात ‘त्रागा करू नकोस’ म्हणतो ना, तो त्रागा मुळात चारण-भाटांच्या जगातला. ज्यानं शब्द मोडला त्याच्या दारात बसून स्वतःवर शस्त्र चालवायचं आणि त्या रक्ताचं पाप त्याच्या माथी मारायचं, असा त्याचा जुना अर्थ. आऊवा गावी १५८६ च्या सुमारास जोधपूरच्या मोटा राजा उदयसिंहाविरुद्ध चारणांनी असं सामूहिक धरणं धरलं होतं. अनेकांनी जीव दिला. नावाजलेले कवी दुरसा आढाही त्यात होते, ते वाचले. चारणाची कविता म्हणजे निव्वळ भाटगिरी, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात ठेवावं. स्तुतीच्या जोडीला राजाची नाचक्की करणारी ‘विसर’ कविताही हेच लोक करत. अर्थात बिदागीसाठी फुगवलेली कवनंही ढिगानं आहेत, आणि सतीचा, जोहराचा गौरवही आहे. ते वाचताना डोकं जागेवर ठेवावं लागतं.

आता पोटाचं. नुसतं ‘एम.ए. राजस्थानी’ करून महाराष्ट्रात परतलं तर नोकरी नाही, हे स्पष्टच सांगते. जोधपूर आणि उदयपूरच्या विद्यापीठांत राजस्थानीचे विभाग आहेत, तिकडच्या शाळा-महाविद्यालयांत जागाही निघतात, पण मोजक्या. त्या जागांसाठी लहानपणापासून ही भाषा कानांवर पडलेली मुलं रांगेत असतात. त्या रांगेत साताऱ्याची मुलगी मागेच राहील.

तिची रांग वेगळी आहे. अठराव्या शतकात मराठे राजस्थानात किती खोलवर गेले होते हे इतिहासाच्या विद्यार्थिनीला ठाऊक असेलच. बूंदीच्या गादीच्या भांडणात मल्हारराव होळकर उतरले. जयाप्पा शिंदे १७५५ मध्ये नागोरच्या वेढ्यात मारले गेले. १७९० मध्ये महादजींच्या फौजांनी पाटण आणि मेडता या लढाया मारल्या. या सगळ्याची आपली बाजू मोडी कागदांत आहे. समोरची बाजू आहे मारवाडी ख्यातींत (म्हणजे बखरींसारख्या इतिहासांत), बह्यांत (दरबारी नोंदवह्यांत), डिंगळ गीतांत आणि सूर्यमल्लांच्याच ‘वंशभास्कर’ या प्रचंड ग्रंथात. तो तर डिंगळ, पिंगळ, संस्कृत, प्राकृत अशी खिचडी आहे, भल्याभल्यांना घाम फोडणारी. दोन्ही बाजू मुळातून वाचणारे लोक फार थोडे. आपल्याकडचे बरेच अभ्यासक पलीकडच्या बाजूसाठी दुसऱ्यानं केलेल्या सारांशावर भागवतात. ही जागा मोकळी आहे, आणि तुमच्या मुलीनं नेम धरायचा तो इथं.

म्हणून माझा सल्ला असा. एम.ए. इतिहासातच करू दे, कोल्हापूर किंवा पुणे. पहिल्याच वर्षी मोडी पक्की करायची. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग होतात. मोडी हे हातात राहणारं कसब आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक केवढी मागणी आली, ते आपण पाहिलंच. डिंगळ जमली नाही तरी मोडी वाया जात नाही. जोडीला थोडी फारसी झाली तर सोन्याहून पिवळं, पण सगळं एकदम नको.

डिंगळ या काळात घरूनच सुरू होईल. सीताराम लाळस यांचा ‘राजस्थानी सबद कोस’, दोन लाखांहून जास्त शब्दांचा, तिनं उशाशी ठेवावा. हिंदी मुलखातली मुलं जिथं अडखळतात तो ळ तर आपल्या घरचाच. पहिलं सलग वाचन म्हणून बिकानेरच्या पृथ्वीराज राठोडांची ‘वेलि क्रिसन रुकमणी री’ घ्यावी. ते अकबराच्या दरबारात होते, पण विषय आपल्या ओळखीचा, रुक्मिणीस्वयंवराचा. रुक्मिणी विदर्भाचीच, तेव्हा माहेरची वाट सापडेल. मग एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या आधी महिना-दोन महिने जोधपूर आणि बिकानेर. चौपासनीची राजस्थानी शोध संस्थान, मेहरानगडावरचं मानसिंह पुस्तक प्रकाश हे ग्रंथालय, बिकानेरचं राज्य अभिलेखागार. पोथ्या हातात घेऊन बसल्यावर कळेल की हे प्रेम टिकाऊ आहे की सुट्टीपुरतं. मेमध्ये पाठवू नका, तिकडचा उन्हाळा पोथ्यांपेक्षा अवघड.

त्यानंतर इतिहासातून नेट. जेआरएफ, म्हणजे त्यातली संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. पीएच.डी.चा काळ त्यावर निभतो. पुढची प्राध्यापकी मात्र कधी मिळेल याची खात्री मी काय, कुणीच देणार नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढणारे हुशार लोक मी रोज बघते. म्हणून बाबांचं बी.एड. मी उडवून लावत नाही. एम.ए.नंतर जेआरएफ दोन प्रयत्नांत निघाली नाही तर बी.एड. करायचं, हे आजच घरात बोलून ठेवा. पोथ्यांच्या याद्या, डिजिटायझेशन, संग्रहालयं इथंही कामं निघतात, २०२५ च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठी ‘ज्ञान भारतम्’ योजनाही जाहीर झाली. पण ही कामं बहुधा कंत्राटी. त्यांवर घर चालेल असं धरून चालू नका.

बाहेरच्या माणसाला हे जमेल का, असा प्रश्न तिच्या मनात येईल तेव्हा तिला लुइजी पिओ तेस्सितोरी हे नाव सांगा. इटलीतल्या उदिने गावचा हा तरुण. भारत पाहण्याआधीच जुन्या पश्चिम राजस्थानीचं व्याकरण लिहायला बसला. १९१४ मध्ये इकडे आला, जोधपूर-बिकानेर पालथं घालून पोथ्या जमवल्या आणि १९१९ मध्ये ‘वेलि’ची संपादित आवृत्ती काढली. त्याच वर्षी बिकानेरमध्ये वारला, वय ३१. आज ‘वेलि’ वाचणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावरून डोकावतो.

तूर्त तिला एक काम द्या. ‘वेलि’ची पहिली दहा कडवी कोशाच्या मदतीनं मराठीत आणायची, वयण सगाई कुठं कुठं सापडली त्याखाली रेघ मारायची, आणि महिनाभरानं मला पाठवायची. चुका चालतील. पण पाचव्या कडव्यावर वही मिटली तर तेही लपवू नका, मला कळवा.