देवाने माफ केलं, मग झोप का लागत नाही?

या वेळी तीन पत्रं घेतलीत, तिन्ही नागपूरचीच, आणि तिघांचंही दुखणं एकाच जागचं आहे. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न: नमस्कार. मी सदरला राहतो, वय 54, जन्मापासून ख्रिस्ती, आमचं चर्च सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. आई आधीच गेली होती, मग बाबा गेले, मागे आम्ही दोघंच, मी आणि धाकटी बहीण, ती बल्लारपूरला असते. बाबांचा वर्धा रोडकडे एक प्लॉट होता. बहिणीला बोलावून घेतलं, नुसती फॉर्मॅलिटी आहे म्हणून सांगितलं आणि हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. तिने वाचलं पण नाही, दादा म्हणतो म्हणजे बरोबरच असेल म्हणाली. पुढे प्लॉट 36 लाखांत गेला, तिला मी 3 लाख दिले, बाबांची आठवण म्हणून ठेव म्हटलं, तर ती खुशीने रडली हो. याला आता आठ वर्षं झाली. रोज रात्री देवाजवळ माफी मागतो तरी दोन-अडीचला डोळे उघडतात ते उघडतातच. दर नाताळला तिचा करंज्यांचा डबा येतो, माझ्या घशाखाली उतरत नाही. मिसेस कॅथलिक घरातली, ती म्हणते फादरकडे जाऊन कन्फेशन, म्हणजे पापकबुली करा. पाळकसाहेब म्हणतात येशूने वधस्तंभावर सगळं फेडलंय, विश्वास ठेवा. मग मलाच काहून शांती भेटून नाही राहिली? देवाने मला माफ केलं नाही का?

उत्तर: भाऊ, आधी मिसेस आणि पाळकसाहेबांचं मिटवू, ते सोपं आहे. दोघंही बरोबर आहेत. तुमचं सीएनआय तर इथेच, आपल्या नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 ला सहा मंडळ्या एकत्र येऊन झालं, त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले पण होते, आणि त्यांच्याकडे दोन्ही चालत आलंय, उपासनेत सगळ्यांनी मिळून पापकबुली म्हणायची, आणि ज्याचं मन तेवढ्याने हलकं होत नाही त्याने एकट्याने पाळकासमोर बोलायचं. याकोबाच्या पत्रात तर एकमेकांजवळ पापं कबूल करा असंच सांगितलंय. म्हणजे तुम्हाला माणसासमोर बोलायचं असेल तर त्यासाठी कॅथलिक व्हायची गरज नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. माफ केलं का? योहानाच्या पहिल्या पत्रात, 1:9 मध्ये, सरळ लिहिलंय की आपण आपली पापं पदरी घेतली तर देव विश्वासू आणि न्यायी आहे, तो क्षमा करतो. झोप लागली तरच माफी झाली असं समजायचं, अशी अट त्यात कुठेच नाही. तुमचं फीलिंग आणि देवाचा शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण मला एक सांगा, रोज रात्री तुम्ही प्रार्थनेत नेमकं बोलता काय? माझा अंदाज, 'प्रभू, मी पापी आहे, मला क्षमा कर.' बरोबर ना? आणि मला लिहिताना मात्र हक्कसोडपत्र, 36 लाख, 3 लाख, तिने न वाचता केलेली सही, सगळं बारीकसारीक लिहिलंत. हेच, असंच, आकड्यासकट देवासमोर एकदा तरी बोललात का? मोघम पापाची मोघम माफी मागत राहिलं की ते कधी संपतच नाही, कारण ज्याची माफी मागायची ती गोष्ट आपण तोंडावर आणलेलीच नसते. याच्या उलट टोकाला मार्टिन लूथर होता, ज्याच्यापासून पुढे प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली तो. तरुणपणी मठात असताना बारीकसारीक दोष सुद्धा शोधून शोधून तासन्तास कन्फेशन करायचा, त्याचं ऐकणारा श्टाउपिट्झ कंटाळून गेला, आणि तरी लूथरला चैन नाही. आपण पुरेसं बोललो का, पुरेसे रडलो का, हेच मोजत बसायचा. शेवटी त्याला जे कळलं ते हेच की माफी आपल्या रडण्याच्या मापाने मिळत नाही, देव देतो म्हणून मिळते.

आणि आता जक्कय. लूकच्या 19व्या अध्यायात आहे, यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढला होता. येशू झाडाखाली थांबला आणि म्हणाला, खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. यात क्रम बघा. 'आधी लोकांचे पैसे परत कर, मग येतो' असं येशू म्हणाला नाही. आधी घरी यायचं कबूल केलं, आणि मग जक्कय उठून म्हणाला की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. म्हणजे पैसे देऊन त्याने माफी विकत घेतली नाही, पण माफी मिळालेला माणूस ते पैसे घरात ठेवूच शकला नाही. तुमची गाडी इथे अडलीय असं मला वाटतं. क्षमा तुमच्या दारात येऊन उभी आहे आणि बहिणीचे 15 लाख अजून तुमच्याच घरात आहेत.

हिशोब मी मुद्दाम मांडला. बाबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात ख्रिस्ती घरातल्या मुलामुलींना सारखा वाटा आहे, तुमची आई आधीच गेली होती, म्हणजे निम्मं, 18 लाख. तीन दिले, पंधरा राहिले. बायबलच्या लेवीय पुस्तकात 6व्या अध्यायात तर मुद्दल अधिक वर पाचवा हिस्सा, आणि तो ज्याचा त्याला दिल्यावरच दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दल देवाला वाहायचं अर्पण. तेवढं जमेल न जमेल, पंधराचं तरी बघा.

स्तोत्र 51 आपण सगळेच म्हणतो, दाविदाचं. पण दाविदाची अडचण काय होती, त्याने ज्याचा घात केला तो उरिया मेला होता, त्याला परत द्यायला काही उरलंच नव्हतं. तुमची बहीण बल्लारपूरला आहे, फोन उचलते, डबा पाठवते. या बाबतीत तुमचं नशीब दाविदापेक्षा चांगलं.

मग करायचं काय? आधी मिसेसला सगळं सांगा, कारण पैसे तिच्याही घरातून जाणार. मग बहिणीकडे स्वतः जा, फोनवर नको, आणि मेहेरबानी करून नाताळच्या दिवशी नको. आपण फसवलं हे स्पष्ट शब्दांत सांगा, 'तेव्हा परिस्थिती तशी होती' वगैरे जोडू नका. एकदम 15 लाख नसतील तर आता काही द्या, बाकीचं कागदावर लिहून, तारखा टाकून द्या. आणि तिथे रडत बसू नका हो, नाहीतर तिलाच तुमची समजूत घालत बसावं लागेल. ती चिडेल, कदाचित वर्षभर बोलणार नाही, भाऊजी तर बोलतीलच. तिने माफ केलं नाही म्हणून देवाची माफी मागे जात नाही, तो तिचा आणि देवाचा मामला. तिला वेळ लागणार, लागू द्या.

प्रश्न: मी स्टाफ नर्स आहे. एप्रिल 2021 मध्ये कोविड वॉर्डला नाइट ड्युटी होती, पीपीई किटमध्ये होते, फोन लॉकरमध्ये. बाहेर आले तर घरचे 11 मिस्ड कॉल, पप्पांचं ऑक्सिजन खाली गेलं होतं, बेड मिळेपर्यंत ते गेले. दुसऱ्यांचे पेशंट वाचवले आणि स्वतःच्या बापाला नाही. किती वेळा माफी मागितली येशूजवळ, मोजदाद नाही. माफी होईल का माझी?

उत्तर: ताई, मी तुम्हाला माफी मागा असं सांगणारच नाही. कशाची मागायची? किट घातलेल्या माणसाला फोन घेता येत नाही, आणि त्या एप्रिलमध्ये नागपुरात बेडसाठी लोक कसे फिरत होते हे तुमच्यापेक्षा कोणाला जास्त माहीत आहे. लाजर मेला तेव्हा मार्था आणि मरिया दोघी येशूला वेगवेगळ्या भेटल्या आणि दोघींनी एकच वाक्य म्हटलं, 'प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता.' तुम्ही तेच वाक्य चार वर्षांहून जास्त स्वतःला म्हणून राहिल्या, मी असते तर. येशूने त्या दोघींना यात पाप शोधून दाखवलं नाही, तो त्यांच्याबरोबर रडला. जन्मांधाबद्दल पण शिष्यांनी विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं, तर तो म्हणाला कोणाचंच नाही. तुमचं हे दुःख आहे, अपराध नाही, आणि दुःखाला माफीचं औषध लागू पडत नाही. स्तोत्र 13 वाचा, 'किती काळ' म्हणून देवाला सरळ जाब विचारणारं आहे, तशी प्रार्थना चालते. झोप, जेवण, ड्युटी यांच्यावर परिणाम होत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, फ्री आहे, मराठीत बोलता येतं. पेशंटला तुम्ही हेच सांगितलं असतं.

प्रश्न: मी कॅथलिक आहे, कॉलेजला. चार वर्षं कन्फेशन केलं नाही. फादर आवाज ओळखतील आणि मम्मीला सांगतील अशी भीती वाटते. काय करू?

उत्तर: बेटा, ते सांगूच शकत नाहीत. कन्फेशनमधलं बाहेर बोलायचं नाही हा चर्चच्या कायद्यातला, कॅनन 983 चा नियम आहे, मम्मीला काय, कोर्टात पण नाही, आणि जो प्रीस्ट मुद्दाम फोडतो तो तिथल्या तिथे बहिष्कृत होतो. तरी संकोच वाटत असेल तर दुसऱ्या पॅरिशमध्ये जा, जाळीच्या मागून बोल. प्रार्थना विसरली असशील तर तसं सांग, फादर म्हणवून घेतात. सुरुवातच 'चार वर्षांनी आलेय' अशी कर, पुढचं ते विचारतात. बऱ्याच चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी मिस्साच्या आधी फादर बसलेले असतात, टाइम मात्र ऑफिसमध्ये विचारून जा.