प्रार्थनेत देव जवळ असल्याचे जाणवत नाही, म्हणजे माझी श्रद्धा संपली का?

नाही, देवाचे सान्निध्य न जाणवणे आणि श्रद्धा संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वसईच्या किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागात, मी प्रौढांचा बायबल वर्ग घेतो आणि तेथे हा प्रश्न, बहुधा दबक्या आवाजात, वारंवार विचारला जातो. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही बायबलमधील २२व्या स्तोत्राची सुरुवात येशूने क्रुसावर उच्चारली, आणि ८८वे स्तोत्र तर कोणतेही सांत्वन न देता अंधारातच संपते, तरीही चर्चने ते प्रार्थनेतून वगळलेले नाही. मदर तेरेसा यांची २००७ साली प्रकाशित झालेली पत्रे वाचल्यास, अनेक दशके अशी रुक्षता सोसूनही त्यांनी प्रार्थना आणि सेवा सोडली नाही, हे दिसते. जेझुइट या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा या बाबतीतला नियम मला सर्वांत उपयुक्त वाटतो: मन असे कोरडे असताना पूर्वी विचारपूर्वक घेतलेला निर्णय बदलू नये. व्यवहारात याचा अर्थ इतकाच, की स्वतःचे शब्द सुचत नसतील तर संध्याकाळी घरच्यांबरोबर रोजरीला, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायच्या प्रार्थनेला, बसावे, मणी पुढे सरकवत केवळ उत्तराचा भाग म्हणावा. भावना उचंबळून आणण्याचा खटाटोप करू नये. मात्र झोप, भूक आणि कामातील रस हेही सारे गेले असेल, तर ते नैराश्य असू शकते. अशा वेळी धर्मगुरूंशी बोलावेच, पण डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये.