बियांसाठी घरी माती बनवताय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

प्रश्न: बागेतलीच माती चाळून ट्रेमध्ये भरली तर? तिच्यात झाडं तर मस्त वाढतात.

बाहेर मस्त, ट्रेमध्ये नाही. जमिनीत पाणी खाली झिरपत जातं, ट्रे असतो जेमतेम दोन इंच खोल, त्यामुळे तळाशी पाणी अडून राहतं आणि चार वेळा पाणी घातलं की माती घट्ट बसते, मग कोवळ्या मुळाला हवा कुठून मिळणार? वर बुरशी आणि तणाचं बी फुकटात. मी २ भाग कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा), १ भाग परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खनिज दाणे) आणि अर्धा भाग बारीक चाळलेलं गांडूळखत घेते. माप डब्याने घ्यायचं, वजनाने नाही हां. परलाइट आधी ओलं करा, त्याची धूळ नाकात जाते. ते नसेल तर धुतलेली जाडसर वाळू चालेल, ट्रे जड होतो एवढंच. बारीक वाळू नको, ती फटी बुजवते.

प्रश्न: ताई, निम्मं गांडूळखत घातलं तरी अर्ध्या बिया उगवल्याच नाहीत. अजून वाढवू का?

अहो उलट कमी करा! बी आपला डबा सोबत घेऊनच येतं, पहिली खरी पानं (उगवताना दिसणाऱ्या बीपानांनंतर येणारी) येईपर्यंत त्याला बाहेरचं फारसं काही लागत नाही. जास्त खत म्हणजे जास्त क्षार, आणि क्षार वाढले की बियांना पाणी ओढायला जड जातं. कच्चं शेणखत तर अजिबात नको. खरी पानं दिसली की पातळ खतपाणी सुरू करा, पाकिटावर लिहिलंय त्याच्या पाव पट पुरे.

प्रश्न: कोकोपीटची वीट भिजवून वापरली, रोपांच्या पानांच्या कडा करपल्या.

बहुतेक धुतलं नसणार. नारळाच्या भुशात सोडियम, पोटॅशियमचे क्षार असतात, म्हणून भिजवून, पिळून, पाणी फेकून, असं दोन-तीनदा करायचं. पाकिटावर 'लो ईसी' (म्हणजे क्षार कमी) लिहिलेलं असेल तर काम सोपं. कोकोपीट कॅल्शियमही धरून ठेवतं, त्यामुळे रोपं त्यातच मोठी करणार असाल तर कॅल्शियम असलेलं खत बघा.

प्रश्न: छान उगवलेली रोपं दोन दिवसांत मातीलगत बारीक होऊन आडवी पडली. माती ओव्हनमध्ये भाजू का?

हा मर रोग. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींचं काम, आणि आडवं पडलेलं रोप वाचत नाही, काढून टाका. मिश्रणात बागेतली माती असेल तर भाजण्यात अर्थ आहे: ओलसर करून, झाकून, मातीच्या मधोमध ८० अंश सेल्सिअस तापमान अर्धा तास राहू द्या. ९० च्या वर नेऊ नका, मातीतून रोपांना त्रास देणारी द्रव्यं सुटतात. घरात वास येतो तो वेगळाच! नुसतं कोकोपीट-परलाइट असेल तर हा खटाटोप नको. पण खरं सांगू का, भाजलेल्या मातीतही रोपं मरतात कारण ट्रे मागच्या वेळचा, न धुतलेला, आणि पाणी सकाळ-संध्याकाळ. ट्रे १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी यात दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा. पाणी खालच्या ताटलीत द्या, अर्ध्या तासाने उरलेलं ओतून टाका, वरचा थर जरा सुकला की मगच परत.

प्रश्न: रोपं उंच, बारीक, लुळी होतायत. मिश्रणात काय घालू?

काहीही नको, उजेड वाढवा.