दुबई-मस्कत सोडून अरबांचं एखादं छोटं समुद्रकाठचं गाव कसं असतं? तिथला इतिहास, तिथली माणसं?

मी ओमानमधल्या सूरला सहा वर्षं होतो, नोकरीनिमित्त, सहकुटुंब. म्हणून सूरबद्दलच सांगतो. मस्कतहून किनाऱ्याकिनाऱ्याने आग्नेयेला दोनशे किलोमीटरच्या आसपास. आता ते चांगलं शहर झालंय, पण जुना भाग आणि खाडीपलीकडचं अल-ऐजा पाहिलंत तर तुम्हीही गावच म्हणाल. पांढरी बुटकी घरं, नक्षीची लाकडी दारं आणि ओहोटीला चिखलात कलंडलेली गलबतं.

सूरच्या पाठीशी उघडे डोंगर आणि त्यामागे वाळवंट. शेती जेमतेम. गाव जगलं ते वाऱ्यावर. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की इथली जहाजं खजूर, मीठ, खारवलेले मासे घेऊन पूर्व आफ्रिकेतल्या लामू, मोंबासा, झांझिबारला जायची. वारा फिरला की तिकडच्या खारफुटीचे वासे भरून परत यायची. हेच वासे घरांच्या छताला. अरबीत या ठराविक ऋतूला मौसिम म्हणतात, आपला मोसमी पाऊस त्याच शब्दातून आला. दुसरी वाट मुंबई, मलबारची. तिकडून तांदूळ, कापड आणि मुख्य म्हणजे सागवान यायचं. दारात उभं राहून मी पुष्कळदा विचार केलाय की हे लाकूड आपल्याच बाजूच्या जंगलातलं.

आणि आपल्याकडे काय यायचं? खारीक! हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. आतल्या शर्किया भागात मबसली नावाचा खजूर होतो. तो पिवळा, कच्चा असतानाच काढतात, मोठ्या कढयांत उकळतात आणि कडक उन्हात पसरून वाळवतात. तो वाळून सुरकुतला की खारीक तयार. सूर हे त्या भागाचं बंदर, आणि या मालाचं मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थान. माझी बायको गरोदर असताना शेजारच्या आजी परातभर घेऊन आल्या. बायको एक खारीक उचलून म्हणाली, "अहो, ही तर ओटीतली!" आजींना ओटी म्हणजे काय ते सांगताना माझी मोडकी अरबी अपुरी पडली. पण त्यांनी तांदूळ, नारळ, खारीक एकत्र ठेवलेलं पाहिलं आणि काय समजायचं ते समजल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

शब्दांचंही तसंच. जहाजाच्या मालकाला, कप्तानाला तिथे नाखुदा म्हणतात. आपल्या कोळीवाड्यातला नाखवा तो हाच. सुकाणूला सुक्कान. ओमानी रियालचे हजार भाग, त्यातल्या एका भागाचं नाव बैसा, म्हणजे आपला पैसा. 1970 पर्यंत तिकडे रुपयाच चालायचा.

सूरची खरी ओळख जहाजबांधणी. घंजा हा तिथला नावाजलेला प्रकार, आपल्याकडच्या कोटिया गलबताच्या नात्यातला. मी सुट्टीच्या दिवशी सकाळी कारखान्यात जाऊन बसायचो. कारखाना म्हणजे खाडीकाठी पत्र्याची शेड आणि भुशाचा ढीग. कागदावर नकाशा नाही. आधी बाहेरच्या फळ्या जोडत वर न्यायच्या आणि मग आत फासळ्या बसवायच्या, म्हणजे आजच्या रीतीच्या बरोबर उलट. उस्ताद दोरी धरून एका डोळ्याने बघतो, हात हलवतो आणि फळी अंगुळभर खाली येते. दोन फळ्यांमधल्या फटीत तेलात भिजवलेली कापसाची वात बोथट छिन्नीने ठोकत जातात. ठक-ठक, ठक-ठक, तासन्‌तास. मी होतो तेव्हा हत्यार धरणारे बरेचसे हात भारतातून आलेले होते.

1951 साली इथेच बांधलेलं फतह अल-खैर नावाचं घंजा पुढे विकलं गेलं आणि येमेनमध्ये जाऊन पोचलं. 1993 मध्ये सूरच्या लोकांनी ते परत आणलं. आज ते किनाऱ्यावर दिमाखात उभं आहे. गावातली पोरं त्याच्याकडे बोट दाखवून सांगतात, तेव्हा आपल्या आजोबांबद्दल बोलल्यासारखी बोलतात. 1980 मध्ये टिम सेव्हरिन या ब्रिटिश प्रवाशाने जुन्या पद्धतीचं, एकही खिळा नसलेलं जहाज बांधलं तेही सूरलाच. लाकूड मलबारचं, काथ्याने फळ्या शिवणारे कारागीर लक्षद्वीपचे, आणि खलाशांत ओमानी. ते जहाज 1981 मध्ये चीनला पोचलं. आता मस्कतमध्ये एका चौकात ठेवलंय.

इतिहास मागे किती जातो? फार मागे. जवळच्या रास अल-जिंझला साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या बोटींना लावलेल्या डांबराचे तुकडे सापडले, त्यावर वेताचे आणि दोराचे ठसे आहेत. सोबत सिंधू संस्कृतीची मडकी. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी सूरला उतरला. समोर कलहात शहर दिसत होतं, जवळच वाटलं, म्हणून तो पायी निघाला. सोबत एक हिंदी माणूस आणि जहाजावरचा एक वाटाड्या. वाटाड्याच लुटायला टपला होता. पोचेपर्यंत पाय इतके सुजले की नखांतून रक्त यायचंच बाकी होतं. पण कलहातला पानांवर भाजलेला मासा आणि हिंदुस्थानातून आलेल्या तांदळाचा भात खाऊन तो खूष झाला. त्याने आणखी एक गंमत लिहून ठेवलीय. हे लोक अरब असून प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ला' म्हणजे 'नाही' लावतात: जेवतोस ना, चालतोस ना! हे वाचलं तेव्हा मला आमच्या आईचं बोलणं ऐकू आलं. कलहातहून घोडे हिंदुस्थानात जायचे. 1508 मध्ये पोर्तुगीजांनी ते शहर जाळलं. आज तिथे पडक्या भिंती आणि तिथल्या एका राज्यकर्त्याच्या बायकोची, बीबी मरियमची कबर उरलीय. 2018 पासून ते जागतिक वारसा आहे.

एक गोष्ट टाळून सूरबद्दल बोलणं मला बरोबर वाटत नाही. आफ्रिकेहून येताना या जहाजांत फक्त वासे नसायचे, माणसंही असायची, विकायला आणलेली. इंग्रजांची गस्त वाढली तेव्हा सूरच्या कित्येक नाखुदांनी फ्रेंचांकडून कागद घेतले आणि फ्रेंच झेंडा लावला, म्हणजे इंग्रजांना झडती घेता येईना. हे भांडण थेट हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत गेलं. 1905 मध्ये निकाल लागला आणि नवे झेंडे देण्यावर कडक मर्यादा आल्या. त्या पकडून आणलेल्यांचे वंशज आज सूरचेच आहेत, लग्नातला ढोल आणि नाच त्यांच्याशिवाय होत नाही. तो ढोल ऐकताना मला आनंदही व्हायचा आणि घशात काहीतरी अडकायचंही. इंग्रज काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. 1821 मध्ये मुंबईहून आलेली फौज सूरलाच उतरली आणि आत जाऊन बनी बू अली टोळीचं ठाणं तिने उद्ध्वस्त केलं. आधीच्या वर्षी तिथे इंग्रजांचा पराभव झाला होता, त्याचा हा सूड. त्या फौजेत आपल्याकडचे शिपाई होते. याच टोळीची माणसं आजही ऐजात राहतात.

पुढे आगबोटी आल्या, वाऱ्याची किंमत गेली. 1964 मध्ये झांझिबारला क्रांती झाली आणि तिकडचे अनेक ओमानी परतले. त्यामुळे सूरमध्ये स्वाहिली बोलणारी घरं भेटतात. पुष्कळ तरुण कामासाठी कुवेत-बहारीनला गेले. 2000 पासून कलहातजवळून द्रवरूप वायू जहाजांत भरून परदेशी जातो, पोटापाण्याचं ते एक नवं साधन.

माणसं कशी? रस्त्यात भेटली की लगेच कामाचं बोलत नाहीत. सलाम, तब्येत, घरचे, मग "शी उलूम? शी अखबार?" म्हणजे काय खबरबात. तुम्ही म्हणायचं, सगळं ठीक. मग कहवा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर येतो. कप रिकामा करून हलवला नाहीत तर पुन्हा भरतात, हे मला चौथ्या कपानंतर कळलं. परका माणूस दारात आला आणि तसाच परत गेला, हे त्यांना मनापासून लागतं.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जा. ऐजाच्या दीपगृहाजवळ संध्याकाळी म्हातारे बसतात. त्यांतल्या एकाला मी मुंबईच्या बाजूचा म्हटल्यावर तो जागेवरून सरकला, मला बसायला जागा केली आणि विचारलं, "भाऊच्या धक्क्यावर अजून गलबतं लागतात का?"