उतारा जुळला, पण घड्याळ?

प्रश्न : जुनं लॉन्जीन मनगटी घड्याळ घ्यायचं जवळजवळ ठरलं आहे. सोबत कंपनीच्या दप्तरातला उताराही मिळणार आहे. त्यावरचा क्रमांक घड्याळाशी जुळतो, असं विक्रेता म्हणतो. आता निर्धास्त व्हायला हरकत नाही ना?
– एक वाचक

उत्तर : हरकत आहे. ‘असं विक्रेता म्हणतो’ हे तुमचेच शब्द आहेत. पैसे देण्याआधी जाणत्या घड्याळजीकडून मागचं झाकण उघडून घ्या आणि मशीनवरचा क्रमांक भिंगातून स्वतः वाचा. झाकणाच्या आतल्या बाजूलाही आकडे असतात, पण ते बहुधा केसचे, म्हणजे मशीनभोवतीच्या धातूच्या कवचाचे, किंवा मॉडेलचे. लोक घाईत तेच कंपनीला कळवतात. झिजलेला 3 आणि 8 तर मलाही तिरका उजेड टाकल्याशिवाय ओळखू येत नाही.

आता उताऱ्याकडे वळू. स्वित्झर्लंडमधल्या सेंट-इमिये गावात लॉन्जीनच्या हस्तलिखित नोंदवह्या आहेत, थेट 1867 पासूनच्या. क्रमांक दिला की त्या मशीनचं कॅलिबर (म्हणजे मशीनचा प्रकार), ते कुठल्या धातूच्या केसमध्ये बसवलं आणि कधी, कोणत्या एजंटाच्या नावे पाठवलं, हे त्यातून काढता येतं. पण त्या क्रमांकाचं मशीन कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हाची ती नोंद आहे. पुढच्या साठ-सत्तर वर्षांत कोणी डायल नव्याने रंगवली, काटे बदलले, खरं मशीन भलत्याच केसमध्ये घातलं, यातलं काहीही वहीला ठाऊक नसतं. बनवाबनवी करणाऱ्यांना हे आपल्याहून चांगलं कळतं.

जिनिव्हातल्या 2021 च्या एका लिलावात ओमेगाचं जुनं स्पीडमास्टर तीस लाख स्विस फ्रँकच्याही वर गेलं. 2023 मध्ये खुद्द ओमेगानेच सांगितलं, की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून तयार केलेलं होतं. लिलावात जाणत्यांच्या नजरेखालून गेलेल्या घड्याळाची ही गत, मग एका कागदावर तुम्ही कशाला विसंबता?

उलटंही घडतं. अमेरिकेत लॉन्जीनची नुसती मशीनं जात आणि केस तिथेच बसवली जाई. तिथल्या घड्याळावर अमेरिकी केस दिसली म्हणून ते लबाडीचं ठरत नाही. मात्र नोंदीत सोन्याची केस लिहिलेली आणि हातात स्टीलची असेल, तर मी सरळ उठून जाईन. मग विक्रेता कितीही गोड बोलो.

विक्रेत्याने दिलेला उतारा बाजूला ठेवून कंपनीकडे स्वतः चौकशी करा. मशीन, डायल, केस आणि झाकणाची आतली बाजू, सगळ्यांचे स्वच्छ फोटो पाठवा. फक्त नोंद तपासून हवी आहे की घड्याळ प्रत्यक्ष पाहून दाखला हवा, हे आधीच स्पष्ट लिहा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला क्रमांक आणि फोटो पुरतात, दुसरीसाठी घड्याळच कंपनीच्या हाती द्यावं लागतं. पहिल्या मालकाचं नाव मिळेल, ही आशा मात्र धरू नका. पाटेक फिलिप या घड्याळ कंपनीचा उताराही विक्रीची तारीख सांगतो, गिऱ्हाईक सांगत नाही. आणि उद्या रोलेक्सचा मोह झाला, तर तिथे असा उतारा मागायची सोयच नाही.

कंपनीचं उत्तर येईपर्यंत थांबायला विक्रेता तयार नसेल, तर घड्याळ त्याच्याकडेच राहू द्या.