रोज दहा अध्यायांचा बायबल प्लॅन झेपतो का, की साधा वर्षाचा घ्यावा?

झेपतो. तुम्ही प्रश्नात जे लिहिलंय ना, की आमचे एल्डर, म्हणजे मंडळीतले वडीलधारे, म्हणतात एवढं भराभर वाचून काय उपयोग, त्यापेक्षा रोज एक वचन घे आणि मनन कर, ते वाचलं आणि राहवलं नाही, नाहीतर मी इथे नुसती वाचायलाच येते.

हे वाक्य आमच्या घरी मी इतक्यांदा ऐकलंय की विचारू नका. माझे मोठे दीर बायबल कॉलेज केलेले, इंदूरात आमच्या मंडळीत त्यांच्या शब्दाला मान, आणि मी म्हणजे घरातली धाकटी सून, जिने प्रार्थना झाली की चहा टाकायचा. मी हा दहावाला प्लॅन धरला तेव्हा नाताळच्या जेवणाला सगळ्यांसमोर म्हणाले, ही वाचते की पानं मोजते? सगळे हसले, आमचे हेसुद्धा हसले.

तुम्हाला माहीत असेलच, हा ग्रँट हॉर्नर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाचा प्लॅन. बायबलच्या पुस्तकांचे दहा गट, प्रत्येकातून रोज एक अध्याय, गट संपला की परत पहिल्यापासून. शुभवर्तमानं ८९ दिवसांत होतात, नीतिसूत्रं ३१, प्रेषितांची कृत्यं २८, संदेष्टे मात्र २५० दिवस घेतात. खुणेला मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापल्या होत्या, त्यातल्या एकीवर नेमकं "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं" एवढंच उरलं आणि ती पट्टी कितीतरी दिवस लेवीयच्या पुस्तकात पुढे सरकत होती. पहाटे नळाला नर्मदा यायच्या आधी बसायचं, एकीकडे बादल्या लावून ठेवायच्या.

तर एकदा कौटुंबिक प्रार्थनेला दादा, म्हणजे हेच दीर, इब्री लोकांस पत्राचा ९वा अध्याय घेत होते, ख्रिस्त प्रमुख याजक, स्वतःचं रक्त घेऊन आत गेला, तो भाग. मी म्हटलं, दादा, गणना ३५ मध्ये ज्याच्या हातून चुकून माणूस मरतो तो आश्रयाच्या नगरात पळतो ना, त्याला तिथून केव्हा सुटता येतं? मुख्य याजक मरतो तेव्हा. तोवर बाहेर पाऊल टाकलं की सूड घेणारा मारू शकतो, आणि याजक गेला की हा मोकळा, आपल्या घरी आपल्या जमिनीवर परत. इब्रीतही याजकाच्या मरणानेच सुटका ना? दादा थांबले. मग म्हणाले, हे कुठल्या कॉमेंट्रीत वाचलंस? म्हटलं कॉमेंट्री नाही, आज सकाळीच दोन्ही एका बैठकीत वाचलं. म्हणाले, योगायोग आहे.

योगायोग कसला, हिशेब आहे! पंचग्रंथाच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, गटात गणना ३५ हा १५२वा अध्याय. पत्रांच्या ज्या गटात इब्री येतं तो ७८ अध्यायांचा, त्यात इब्री ९ चा नंबर ७४, म्हणजे दुसऱ्या फेरीत ७८ अधिक ७४, परत १५२. मध्ये खाडे पडले तरी दहाही खुणा एकाच जागी थांबतात आणि एकदमच पुढे जातात, त्यामुळे तुम्हालाही ही जोडी एकाच दिवशी मिळणार. रोज एक वचनवाल्यांना ही कधी मिळायची? त्यांची वचनं ठरलेली, यिर्मया २९:११ आणि फिलिप्पै ४:१३, फिरून फिरून तीच. सफन्याचं पुस्तक शेवटचं कधी उघडलंत विचारा.

दादांचं दुसरं अस्त्र म्हणजे मॅकशेन. स्कॉटलंडातल्या डंडीचा हा पाळक, त्याने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी वर्षाचा प्लॅन काढला, जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. धोकेही त्यानेच लिहिलेत, की नुसता उपचार होईल, आपण किती धार्मिक असं वाटायला लागेल, वाचन वरवरचं होईल, ओझं होईल. दादा एवढं सांगून थांबतात. त्याच पत्रात पुढे फायदेही लिहिलेत आणि शेवटी त्याने प्लॅन दिलाच ना लोकांना!

तरी तुमच्यासाठी मी मॅकशेन नको म्हणेन, कारण तुमची शिफ्टची नोकरी. तो तारखेवार आहे. चार दिवस नाईट झाल्या की थकलेल्या वीजबिलासारखी बाकी चढते आणि फेब्रुवारीत लोक सोडतात ते त्या बाकीपायीच. दहावाल्यात भरपाई नाही, खूण जिथे आहे तिथून पुढे. आणि १ जानेवारीची वाट कशाला बघताय?

मराठी की हिंदी विचारलंय, तर जे भरभर वाचता येतं ते घ्या. चर्चमध्ये हिंदी चालतं म्हणून घरी हिंदीच वाचलं पाहिजे असं काही नाही.

आता एक राहिलं. सवय झाली की पाऊण तासात होतं, सुरुवातीला जास्त लागतं, आणि स्तोत्र ११९ च्या दिवशी तर विसराच, १७६ ओव्या आहेत. बायबल पहिल्यांदाच हातात घेत असाल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी मार्क आणि लूक सरळ वाचा. आणि दहा जमत नसतील तर पाच गट घ्या, म्हणजे एका दिवशी कुठलेही पाच आणि दुसऱ्या दिवशी उरलेले, फक्त मग ती १५२वाली जोडी फुटू शकते, कारण पंचग्रंथ आणि तो पत्रांचा गट वेगवेगळ्या दिवशी जाऊ शकतात. ते दोन एकाच दिवसात ठेवा.